पेशंट आत, आपण बाहेर : अतिदक्षता विभागाबद्दल वाचकांचे प्रश्न

घरातलं माणूस आयसीयूत असताना, बऱ्याचदा तिथल्याच बाकावर बसून लिहिलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. कोणता उपचार करावा हे पेशंटला रोज तपासणाऱ्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण आत काय चाललंय ते कसं समजून घ्यायचं, काय विचारायचं आणि आपल्या हातात काय आहे, हे इथून सांगता येईल.

प्रश्न : वडील न्यूमोनियामुळे चार दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. भेटीच्या दहा मिनिटांत माझी नजर मॉनिटरवरून हलत नाही. अलार्म वाजला की पोटात गोळा येतो, सिस्टर मात्र कधीकधी वळूनही बघत नाहीत. नेमकं कशाकडे बघायचं?

आधी अलार्मचं. आयसीयूत वाजणाऱ्या बहुतेक अलार्मसाठी धावत जावं लागत नाही. बोटाची क्लिप सरकली, हात गार पडला, कूस बदलताना छातीवरची वायर सुटली, औषधाची सिरिंज संपत आली, अशी कारणं असतात. तातडीच्या अलार्मचा सूर वेगळा असतो आणि सिस्टरांचा कान त्याला सरावलेला असतो. शिवाय त्या आकड्याबरोबर त्याच्या शेजारची लाट बघतात. ऑक्सिजनची लाट एकसारखी, नीट उमटत असेल तर आकडा खरा धरायचा. ती वेडीवाकडी किंवा सपाट झाली असेल तर आधी क्लिप तपासायची. पेशंटच्या नखांना गडद नेलपॉलिश असेल तर ते पुसून घ्या, त्यानेही आकडा चुकतो.

मॉनिटरवर दिसणारा रक्तातला ऑक्सिजन 100 टक्के दिसायलाच हवा असं नाही. बऱ्याच पेशंटमध्ये तो 92 ते 96 च्या आसपास ठेवतात, जुना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार) असेल तर 88 ते 92 सुद्धा चालतो. बीपीच्या दोन आकड्यांजवळ कंसात तिसरा आकडा असतो, ती सरासरी. प्रौढ पेशंटमध्ये ती सहसा 65 च्या वर ठेवायची धडपड असते.

पण आमच्या मते आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे, की तो आकडा टिकवायला यंत्राला किती जोर लावावा लागतोय. साध्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो. व्हेंटिलेटरमधून 80 टक्के देऊन आलेले 94 आणि 40 टक्क्यांवर आलेले 94 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून रोज एकाच वेळी तीन गोष्टी विचारा. व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन किती टक्क्यांवर आहे? बीपी टिकवणारं औषध, म्हणजे बहुधा नॉरॲड्रिनालिन, कालपेक्षा वाढवलं की कमी केलं? आणि लघवी किती झाली? लघवीचा साधा हिशेब म्हणजे वजनाच्या दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिली. 60 किलोच्या माणसाला तासाला 30, दिवसाला साधारण 700 मिली.

औषधाच्या पंपावरचा आकडा स्वतः वाचून मात्र निष्कर्ष काढू नका. सिरिंज दुप्पट तीव्रतेची भरली की डोस तेवढाच राहूनही पंपावरचा आकडा निम्मा होतो. आकडा निम्मा दिसला म्हणून घरी पेढे वाटायची घाई होते आणि दुसऱ्या दिवशी खरं कळल्यावर हातपाय गळतात.

चेहरा आणि हात सुजलेले दिसले तर घाबरू नका. गंभीर संसर्गात रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं, त्यात सलाईनही भरपूर जातं, म्हणून ही सूज येते. ती उतरायला वेळ लागतो. डोळ्यांना मलम किंवा पट्टी असते, कारण गुंगीत पापण्या पूर्ण मिटत नाहीत आणि बुबुळ कोरडं पडतं. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उंच ठेवलेली असते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून. अवघडल्यासारखं दिसतं म्हणून पलंग खाली करू नका.

प्रश्न : डॉक्टर जेमतेम पाच मिनिटं बोलतात. बाहेर आल्यावर मला एक आठवतं, भावाला दुसरंच. नातेवाइकांचे फोन वेगळेच. काय करावं?

धास्तावलेल्या मनात ऐकलेलं टिकत नाही, यात तुमचा काही दोष नाही. घरातून एक माणूस बोलायला आणि एक लिहायला ठरवा, शक्यतो रोज तेच दोघं. सकाळचा राउंड संपल्यावर मुख्य डॉक्टर कधी भेटतील ते सिस्टरांकडून आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

वहीत हे प्रश्न लिहूनच आत जा. आज तुम्हाला सगळ्यांत जास्त काळजी कशाची वाटते? कालपासून काय सुधारलं आणि काय बिघडलं? पुढच्या दोन दिवसांत काय घडलं तर तुम्हाला बरं वाटेल? आणि शेवटचा, जो विचारायला जीभ रेटत नाही तो : चांगल्यात चांगलं काय होऊ शकतं, वाईटात वाईट काय, आणि तुम्हाला स्वतःला काय होईलसं वाटतं? निघण्यापूर्वी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा, ‘म्हणजे फुप्फुस सुधारतंय, पण किडनीची काळजी आहे, बरोबर ना?’ निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

‘स्टेबल’ या शब्दाने फार घोटाळा होतो. आयसीयूत स्टेबल म्हणजे गेल्या काही तासांत बदल नाही, एवढंच. धोका टळला असा त्याचा अर्थ नाही. तसंच, किडनीचे डॉक्टर ‘क्रिएटिनिन उतरलं’ (किडनी कसं काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) म्हणाले तर ते किडनीपुरतं खरं असतं. एकूण चित्र आयसीयूच्या मुख्य डॉक्टरांनाच विचारायचं.

नातेवाइकांसाठी रोज ठरलेल्या वेळी एकच मेसेज लिहा आणि सगळ्यांना तोच पाठवा. प्रत्येकाला फोनवर पहिल्यापासून सांगत बसाल तर दुपारपर्यंत तुमच्यात त्राण उरणार नाही.

तुम्हीही डॉक्टरांना माहिती द्यायची असते. चालू गोळ्या, घरगुती औषधं, ॲलर्जी, कवळी, कानाचं यंत्र. आणि दारू. घरची माणसं हे संकोचाने लपवतात, पण रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, अगदी झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांना माहीत नसेल तर ते कारण भलतीकडेच शोधत राहतात. किती आणि किती दिवसांपासून, ते खरं सांगा.

प्रश्न : आईची व्हेंटिलेटरची नळी परवा काढली. आता ती मला ओळखत नाही. ‘या बायका मला विष घालतात’ म्हणते, कधी न दिलेल्या शिव्या देते. रात्री सलाईन उपटलं म्हणून तिचे हात बांधलेत. आईला वेड लागलंय का?

नाही. आपल्याकडे ज्याला ‘वात झाला’ म्हणतात तेच हे, वैद्यकात डिलिरियम. आजारी शरीरामुळे मेंदूचं काम तात्पुरतं विस्कटतं. संसर्ग, गुंगीची औषधं, कमी ऑक्सिजन, वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, मोडलेली झोप, अशी अनेक कारणं एकत्र येतात. व्हेंटिलेटरवर राहिलेल्या पेशंटमध्ये हे इतकं सर्रास दिसतं, की काही पाहण्यांत प्रमाण 80 टक्क्यांपर्यंत गेलं आहे. सकाळी नीट बोललेली आई संध्याकाळी ओळखत नाही, हा चढउतार हीच त्याची खूण.

याचा एक मुका प्रकारही असतो आणि तो हमखास नजरेतून सुटतो. पेशंट गप्प पडून राहतो, नजर हरवलेली, विचारलेल्याला उत्तर नाही. घरच्यांना वाटतं, विश्रांती घेतायत. ‘ते नेहमी असे नसतात’ हे ओळखणारे तुम्हीच असता, तेव्हा सिस्टरांना सांगा. तपासायची सोपी पद्धत असते. दहा अक्षरं एकेक करून म्हणतात आणि ठरलेलं अक्षर आलं की हात दाबायला सांगतात. लक्ष टिकत नसेल तर चुका होतात.

तुम्ही काय करायचं? चष्मा, कानाचं यंत्र (बॅटरी तपासून) आणि गिळण्याची तपासणी झाल्यावर कवळी आणून द्या. धूसर दिसणाऱ्या, अर्धवट ऐकू येणाऱ्या माणसाचा गोंधळ वाढतोच. समोर दिसेल असं मोठ्या आकड्यांचं घड्याळ ठेवता येईल का ते विचारा. प्रत्येक भेटीत आधी स्वतःच सांगा : ‘आई, मी तुझी मुलगी. तू दवाखान्यात आहेस. तुला न्यूमोनिया झाला होता, आता तू बरी होतेयस. आज मंगळवार, सकाळ आहे.’ ‘ओळख बघू मी कोण?’ ही परीक्षा नको. चुकलं की ती जास्त घाबरते आणि तुम्ही कोलमडता.

विषाचा विषय निघाला तर वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. ‘तुला भीती वाटतेय ना? मी इथे आहे. ही औषधं मी बघितली आहेत.’ एवढं पुरतं. दिवसा पडदा उघडा आणि रात्री दिवा मंद ठेवता येईल का, रात्रीच्या तपासण्या थोड्या एकत्र करता येतील का, हेही विचारून बघा. ‘झोपेची गोळीच द्या’ असा आग्रह मात्र धरू नका, कारण डायझेपामच्या जातीच्या गोळ्यांनी डिलिरियम उलट वाढू शकतो.

हात बांधलेले बघवत नाहीत, पण त्यामागे कारण असतं. लघवीची नळी आत फुगवलेल्या फुग्याने अडकवलेली असते, ती तशीच ओढली तर मूत्रमार्ग फाटतो. परस्पर सोडू नका. त्याऐवजी विचारा, मी शेजारी बसले तर तेवढा वेळ सोडता येतील का, नुसते जाड हातमोजे चालतील का, बांधायची गरज रोज तपासली जाते का. पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. बोटं निळसर किंवा गार दिसली तर लगेच सांगा.

हे काही दिवसांत ओसरतं, क्वचित आठवडे लागतात. विसराळूपणा पुढेही रेंगाळू शकतो. आणि नंतर घरात त्या शिव्यांवरून कुणी हसू नये. त्या वेळचे भास तिच्या लेखी खरेखुरे घडलेले असतात.

प्रश्न : नवरा पूर्ण गुंगीत आहे. त्यांच्याशी बोलावं का? हात लावला तर चालेल?

बोला. किती ऐकू जातंय ते छातीठोकपणे सांगता येत नाही, पण गुंगीतून बाहेर आलेल्या काही पेशंटना जवळच्यांचे आवाज आठवतात. घरातलं रोजचं बोला, कोण भेटून गेलं, मुलांचं काय चाललंय. बरं-वाईट काय होईल याची चर्चा पलंगाशी नको. तुमच्या आवाजाने नाडी वाढली किंवा वाढली नाही, यावरून काही ठरवू नका.

आत जाताना आणि बाहेर येताना सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळा, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्याला विसरू नका. साबणाने धुतलेत तर सगळं मिळून 40 ते 60 सेकंद. ज्या हाताला सुई-नळी नाही तो धरा, कपाळावर हात ठेवा. ओठ ओले करणं, हाताला क्रीम लावणं हे सिस्टरांना विचारून करता येतं. पाय मात्र चोळू नका. पोटरीत रक्ताची गुठळी झाली असेल तर चोळणं धोक्याचं आहे.

पुढे जागे झाले की नळीमुळे त्यांना आवाज फुटणार नाही, कारण ती स्वरयंत्राच्या पडद्यांमधूनच जाते. ‘हो’ला एकदा डोळे मिटा, ‘नाही’ला दोनदा, असं ठरवा आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा. नळी निघाल्यावर ते पाण्यासाठी काकुळतीला येतील. चमचाभरसुद्धा परस्पर देऊ नका. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात, पाणी थेट फुप्फुसात उतरू शकतं.

प्रश्न : सात वर्षांची नात आजोबांना भेटायचा हट्ट धरतेय. न्यावं का?

दवाखाना परवानगी देत असेल आणि तिला सर्दी-ताप नसेल तर नेता येईल. आधी आजोबांचा आत्ताचा फोटो दाखवा, तोंडात नळी का आहे, आवाज कसले येतील ते सांगा. पाच मिनिटं पुरेत, ती म्हणेल तेव्हा बाहेर. शेवटच्या क्षणी नको म्हणाली तर चित्र काढून पाठवू द्या. ‘आजोबा झोपलेत’ असं सांगू नका, मुलं मग झोपायलाच घाबरतात.

प्रश्न : मी नऊ दिवस घरी गेलेले नाही. डोळ्याला डोळा लागत नाही, पण उठून गेले आणि काही झालं तर?

तुम्ही बाकावर बसल्याने आतल्या उपचारात फरक पडत नाही, पण पुढचे निर्णय आणि घरी आल्यावरची शुश्रूषा तुमच्यावरच येणार आहे. सहा-आठ तासांच्या पाळ्या लावा. घरी जाताना सिस्टरांकडे फोन नंबर दोनदा तपासून द्या आणि ‘रात्री काही वाटलं तर नक्की फोन करा’ असं बजावा. स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या पिशवीत हव्यातच. दाराबाहेर चक्कर येऊन पडणाऱ्यांत त्या चुकवलेली माणसं असतात.

प्रश्न : बारा दिवस झाले, आता भावाच्या गळ्याला भोक पाडायचं म्हणतात. म्हणजे आशा संपली का?

नाही. ट्रॅकिओस्टॉमीचा विचार सहसा सात ते चौदा दिवसांच्या सुमारास होतो. तोंडातली नळी सहन व्हावी म्हणून गुंगी द्यावी लागते, आणि नळी फार दिवस राहिली तर स्वरयंत्राला इजा होऊ शकते. नळी गळ्यातून आली की गुंगी कमी करता येते, तोंड साफ ठेवता येतं, पेशंटला बसवता येतं. नळी काढल्यावर भोक बहुधा काही दिवस-आठवड्यांत आपोआप बुजतं. धोकेही आहेत. रक्तस्राव होऊ शकतो, कफाने नळी बुजू शकते, पहिल्या आठवड्यात ती निसटली तर परत घालणं अवघड जातं.

सहीपूर्वी विचारा, अर्धा ते दोन तास यंत्राचा आधार कमी करून श्वासाची चाचणी घेतली का आणि ती कुठे फसली? तीन-चार दिवस थांबलं तर काय बिघडेल? यातून तो कुठवर बरा व्हावा असं तुम्हाला वाटतं? मूळ आजार सुधारणारा नसेल तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा.

प्रश्न : सासरे 81 वर्षांचे. फुप्फुस, किडनी, आता लिव्हरही गेलं म्हणतात. ‘हृदय थांबलं तर छाती दाबायची का, ते सांगा’ असं डॉक्टर विचारतात. नवरा म्हणतो सगळं करा, नणंद म्हणते हाल नकोत. आमच्या सहीने त्यांचा जीव जाणार का?

तुमच्या सहीने जाणार नाही. जीव आजाराने जातोय. सही फक्त एवढंच ठरवते, की त्या क्षणी शरीरावर आणखी काय करायचं आणि काय करायचं नाही.

व्हेंटिलेटर आणि बीपीची औषधं पूर्ण जोरात चालू असताना, अनेक अवयव थकून हृदय थांबतं, तेव्हा छाती दाबून ते पुन्हा चालू झालं तरी माणूस घरी परतण्याची शक्यता फारच थोडी असते. दाबताना बरगड्या मोडतात. अचानक हार्ट ॲटॅक येऊन थांबलेल्या हृदयाची गोष्ट वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका. ‘छाती दाबू नका’ असं लिहून दिलं म्हणून बाकीचे उपचार, वेदनाशामक, स्वच्छता यातलं काहीही थांबत नाही. यासंबंधीचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत. काय करता येतं आणि कुणाची सही लागते, ते दवाखान्याकडून स्पष्ट विचारून घ्या.

घरात ‘तुला काय वाटतं’ हा प्रश्न फिरत राहिला की भांडण होणारच. त्याऐवजी असं विचारा : सासरे इथे बसून हे सगळं ऐकत असते तर काय म्हणाले असते? कुणाच्या आजारपणात ते काय बोलले होते? अंथरुणावर परावलंबी पडून राहणं त्यांना चाललं असतं का? नवरा आणि नणंद दोघांनी एकाच खोलीत, एकाच वेळी डॉक्टरांचं ऐकावं. निरोपानिरोपीने हे सुटत नाही.

तरीही मन होत नसेल तर मधला मार्ग आहे. सगळे उपचार ठरावीक मुदतीपुरते, समजा तीन दिवस, जोमाने करायचे आणि आधीच ठरवायचं की काय घडलं तर पुढे जायचं. उदाहरणार्थ, बीपीचं औषध निम्म्यावर आलं, शुद्ध परतली. नाही घडलं तर रोख आरामाकडे वळवायचा. कागदपत्रं दाखवून दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायलाही हरकत नाही. वेदनाशमनाची टीम असेल तर तिला बोलवायला सांगा.

यंत्र काढायचं ठरलं तर धाप आणि वेदना जाणवू नयेत म्हणून औषधं आधी देतात. त्यानंतर मृत्यू यायला काही मिनिटंही लागतात, कधी दिवसही. श्वासात खंड पडतो, घशात घरघर होते. ऐकणाऱ्याला ती असह्य वाटते, पण पेशंट बेशुद्ध असेल तर तिचा त्रास त्याला होत नाही असंच मानलं जातं. जवळ कोण बसणार, कुणाला बोलवायचं, काही म्हणायचं-वाचायचं असेल तर कधी, हे आधीच सांगून ठेवा. बहुतेक ठिकाणी अशा वेळी भेटीचे नियम सैल करतात.

प्रश्न : सोळा दिवस आयसीयूत काढून नवरा घरी आला, तीन आठवडे झाले. जिना चढवत नाही, चिडतो, मध्येच रडतो, विसरतो. आणि मी कुकरची शिट्टी वाजली तरी दचकते.

आयसीयूनंतरच्या या त्रासांना 2012 पासून एक नावच आहे, पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम. त्यात शरीर, बुद्धी, मन तिन्ही येतात आणि घरच्यांचा त्रासही त्यातच धरतात. गंभीर आजारात पहिल्या दहा दिवसांत मांडीच्या स्नायूचा सहावा हिस्सा झडू शकतो. तो भरून यायला महिने लागतात. आहारात प्रथिनं किती हवीत ते डॉक्टरांना विचारा, किडनीला इजा झालेली असेल तर प्रमाण वेगळं असतं. सुरुवात खुर्चीतून हात न टेकता उठण्याने करा. पाच वेळा, दिवसातून तीनदा, मग हळूहळू वाढवा. दोन-तीन महिन्यांनी केस गळाले तर घाबरू नका, बहुधा परत येतात.

त्या सोळा दिवसांची तुमची वही असेल तर ती त्यांना वाचायला द्या, त्यांनी मागितल्यावर. कोणत्या दिवशी काय झालं, कोण भेटलं, नळी कधी निघाली. हरवलेले दिवस आणि भास यांचा मेळ घालायला ती उपयोगी पडते. दचकणं, झोप न लागणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा समोर येणं महिन्याहून जास्त टिकलं तर दोघांनीही मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं.

डिस्चार्जची औषधं एकदा नीट तपासून घ्या. ॲसिडिटीची किंवा भ्रमासाठी आत सुरू केलेली गोळी कुणी बंद करायला सांगितलं नाही म्हणून महिनोन्महिने चालू राहते. आणि एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. नळीची जागा आकसून श्वासनलिका अरुंद होऊ शकते, कधीकधी कितीतरी आठवड्यांनी. आवाज घोगराच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.